व्यायामासाठी सीजीएम: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

मला टाईप १ मधुमेह आहे, रोजचं इन्सुलिन चुकत नाही आणि धावायला मनापासून आवडतं. लो होण्याच्या (शुगर फार खाली जाण्याच्या) धास्तीने व्यायाम कसा सुटत जातो, हे इन्सुलिनवर असलेल्यांना वेगळं सांगायला नको. दंडाला सीजीएमचा (दिवसरात्र शुगर मोजत राहणाऱ्या यंत्राचा) सेन्सर लावून मी बरेच महिने धावतेय, वजनं उचलतेय. घ्यावा की नाही अशा विचारात असलेल्यांसाठी जरा सविस्तर लिहिते.

मधुमेह नसलेला माणूस धावायला लागला की त्याचं स्वादुपिंड इन्सुलिन आपोआप कमी करतं. आपण टोचून घेतलेलं इन्सुलिन मात्र परत काढून घेता येत नाही. एकीकडे स्नायू साखर ओढतात, दुसरीकडे इन्सुलिनचं काम चालूच, मग शुगर घसरते. ग्लुकोमीटरवर ११० दिसलं, तरी ते स्थिर आहे की खाली चाललंय हे त्यातून कळत नाही. सेन्सर आकड्याशेजारी बाण दाखवतो आणि माझ्या मते सगळे पैसे त्या बाणाचे आहेत. ११० आणि बाण आडवा असेल, तर मी थोडं ग्लुकोज घेऊन निघते. ११० आणि बाण खाली असेल, तर ग्लुकोज घेऊन बाण आडवा होईपर्यंत बसून राहते. २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी टाईप १ आणि व्यायामावर ज्या सूचना दिल्या, त्यांत धावण्यासारख्या व्यायामाला सुरुवात करताना शुगर १२६ ते १८० असावी असं म्हटलंय. मीही तेच धरून चालते.

आता उणी बाजू. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो. त्यामुळे तो साधारण ५ ते १५ मिनिटं मागे असतो. बसल्या जागी याने फारसं बिघडत नाही, धावताना बिघडतं. स्क्रीनवर ८५ आणि बोट टोचून बघावं तर ६४, असं मी पाहिलंय. म्हणून व्यायामापुरता लो शुगरचा अलार्म ७० वर न ठेवता १०० वर ठेवते. उलटंही होतं: ग्लुकोज घेतल्यावर रक्तातली शुगर सावरलेली असते, पण स्क्रीनवर अजून लोच दिसतं आणि हात परत ग्लुकोजकडे जातो. अशा वेळी सरळ बोट टोचायचं.

वजनांचं गणित वेगळं आहे. जड वजन उचलताना किंवा जोरात स्प्रिंट मारताना ॲड्रेनालिन वाढतं, यकृत साखर सोडतं आणि आलेख चक्क वर जातो. १३० वरून १९० झालेलं बघून लगेच करेक्शन (शुगर उतरवायचं जादा इन्सुलिन) घ्यावंसं वाटतं. मी थांबते, कारण माझ्या बाबतीत तो चढ बहुतेकदा तास-दोन तासांत आपोआप उतरतो. आधी वजनं आणि मग धावणं असा क्रम ठेवला, तर धावतानाची घसरण कमी होते. मात्र शुगर २७० च्या वर असेल तर आधी रक्तातले कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की वाढणारी आम्लं) तपासायचे, आणि ते १.५ mmol/L किंवा जास्त असतील तर त्या दिवशी व्यायाम नाही. कीटोन माझा सेन्सर दाखवत नाही.

सेन्सरची खरी किंमत मला रात्री कळली. संध्याकाळी लांब पल्ला धावले की स्नायू साखरेचा संपलेला साठा कितीतरी तास भरत राहतात, आणि ६ ते १५ तासांनीही शुगर पडू शकते. म्हणजे नेमकी गाढ झोपेत. पूर्वी सकाळी नुसतं डोकं जड असायचं आणि कारण कळायचं नाही. आता आलेखावर पहाटे तीनची घसरण स्पष्ट दिसते. ते आलेख डॉक्टरांना दाखवले, त्यांनी अशा रात्रींसाठी बेसल (दिवसरात्र हळूहळू काम करणारं इन्सुलिन) साधारण २० टक्क्यांनी कमी करून दिलं आणि पहाटेचे अलार्म बरेच थांबले. हे प्रमाण माझं आहे, तुमचं तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायला हवं. एक सांगून ठेवते: सेन्सरच्या कुशीवर झोपलं की दाबामुळे खोटं लो दिसतं. आलेख कड्यासारखा सरळ खाली येतो आणि कूस बदलली की तसाच वर जातो.

घामाने कडा सुटतात, वरून जास्तीची पट्टी लावावीच लागते. पहिल्या दिवशी आकडे थोडे भरकटतात, म्हणून लांब धावायचं असेल त्याच्या आदल्या दिवशीच नवा सेन्सर लावते. खर्च मोठा आहे, आणि सगळ्यांना कायम परवडेल असा नाही. तसं असेल तर व्यायाम वाढवण्याच्या सुरुवातीच्या काळात एक-दोन सेन्सर लावून आपली शुगर कशी वागते तेवढं तरी बघून घ्यावं.

ॲपमधून माझे आकडे नवऱ्यालाही दिसतात. मी बाहेर असताना ७० च्या खाली गेले की तो फोन करतो, मी उचलला नाही तर माझ्या ठरलेल्या रस्त्याने निघतो. त्यासाठी रस्ता आधी सांगून ठेवते. कमरेच्या पट्ट्यात ग्लुकोजच्या गोळ्या, मीटर आणि स्ट्रिपा पूर्वीइतक्याच असतात.