मेल आयडी माझ्या नावाचा, पासवर्ड त्यांच्याकडे

जुलै २०२४ ते मार्च २०२५ या नऊ महिन्यांत आमच्या घरातून दोन लाख त्रेपन्न हजार रुपये गेले. बाबा महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी पतपेढीतून कर्ज काढलं, आईने भिशीचे पैसे दिले. परदेशात जिऑलॉजीत, म्हणजे भूगर्भशास्त्रात, एमएस किंवा पीएचडी करायची म्हणून आम्ही दादरच्या एका कन्सल्टन्सीकडे गेलो होतो. आता पुन्हा ॲडमिशनचे दिवस आलेत. परवा आमच्या काळाचौकीतल्याच एका मुलीने मला विचारलं, "ताई, तुझी ती कन्सल्टन्सी कशी आहे गं?" त्या रात्री मी हे लिहायला बसले.

मी तिथे का गेले ते आधी सांगते, कारण फसण्याची सुरुवात तिथेच झाली. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी सर आम्हाला अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला घेऊन गेले होते. चारी बाजूंनी इमारती आणि मधोमध साठेक मीटर उंचीचा काळा बेसाल्ट, उभ्या खांबांची मोळी बांधल्यासारखा. सर म्हणाले, वितळलेला खडक थंड होताना आकसतो, त्या भेगांमुळे हे खांब झाले. गावदेवीच्या देवळाच्या पायऱ्या चढताना मी भिंतीला हात लावत लावत गेले होते. तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी मुरुडच्या किनाऱ्यावरचे डाइक मोजले. जुन्या लाव्हाच्या थरांना फाडून वर आलेल्या, नंतर घट्ट झालेल्या खडकाच्या भिंती त्या. ओहोटीच्या वेळी ब्रंटन, म्हणजे आमचं होकायंत्र, घेऊन प्रत्येकाची दिशा लिहायची. बहुतेक उत्तर-दक्षिण. दोन ठिकाणी एका डाइकने दुसऱ्याला कापलं होतं. कुठला आधीचा, कुठला नंतरचा, यावर मी आणि माझी पार्टनर भरतीचं पाणी घोट्यापर्यंत येईस्तोवर भांडत होतो. पुढे हेच करायचं, हे तेव्हाच ठरलं.

सरांनी रस्ता सरळ सांगितला होता. म्हणाले, "आपल्या विषयात युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा गाईड कोण आहे ते बघायचं. ज्यांचं काम आवडतं त्यांचे दोन-तीन पेपर वाच आणि स्वतः मेल कर." तेच मला जमेना. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. अनोळखी अमेरिकन प्राध्यापकाला इंग्रजीत पत्र लिहायचं या विचारानेच घशाला कोरड पडायची. ऑगस्टमध्ये मेल करायचे असतात आणि मी जुलैभर एक ओळ लिहून ती खोडत होते. कन्सल्टन्सीवाल्यांनी माझी ही भीती पहिल्या पाच मिनिटांत ओळखली. "तुला काहीच लिहायचं नाहीये, सगळं आमची टीम बघेल," असं ते म्हणाले आणि मला सुटल्यासारखं झालं. पैसे आम्ही त्या सुटकेचे दिले.

ऑफिस स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. भिंतीवर पासपोर्ट हातात धरलेल्या मुलामुलींचे फोटो. काउन्सिलर मॅडमनी माझी मार्कशीट बघून विचारलं, "जिओग्राफी ना?" मी म्हटलं, जिऑलॉजी. त्या म्हणाल्या, "हो, तेच." त्या क्षणी उठून यायला हवं होतं. मी उठले नाही, कारण बाबा शेजारी बसले होते आणि मॅडम त्यांना सांगत होत्या की तिकडच्या डिपार्टमेंटशी त्यांचा टाय-अप आहे, असिस्टंटशिप शंभर टक्के, म्हणजे फी माफ आणि वर महिन्याला स्टायपेंड.

त्यात अर्धं खरं होतं, म्हणून ते पटलं. अमेरिकेत जिओसायन्सच्या पीएचडीला आणि थीसिस असलेल्या बऱ्याच एमएसना खरोखरच टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटशिप मिळते. पण रिसर्च असिस्टंटशिप प्राध्यापकाच्या चालू प्रोजेक्टच्या पैशातून असते आणि टीचिंगची डिपार्टमेंट ठरवतं. प्राध्यापक तुमच्याशी बोलतो, तुम्हाला काय येतं, कशात रस आहे ते बघतो, मग आपल्या ग्रुपमध्ये घ्यायचं का ते ठरवतो. दादरच्या ऑफिसातून याची हमी देता येतच नाही. काही युनिव्हर्सिट्या एजंटना विद्यार्थ्यामागे कमिशन देतात हे खरं, पण ते सहसा पूर्ण फी भरणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. फुकट शिकायला येणाऱ्या पीएचडीच्या विद्यार्थ्यामागे कोण कमिशन देईल, हा साधा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आला नाही.

पहिला हप्ता साठ हजार, 'प्रोफाइल बिल्डिंग'चा. सप्टेंबरमध्ये पंचेचाळीस हजार, आठ युनिव्हर्सिट्यांच्या अर्जांचे. जीआरई या प्रवेश परीक्षेच्या क्लासचे अठ्ठावीस हजार वेगळे. गेल्या काही वर्षांत जिओसायन्सच्या कितीतरी डिपार्टमेंटनी जीआरई मागणं बंद केलंय. आमच्या आठांपैकी सहांना ती लागतच नव्हती, आणि हे त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी बघितलं नाही. यादी त्यांनी केली होती, रँकिंगवरून. त्यातल्या दोन डिपार्टमेंटमध्ये ज्वालामुखीच्या खडकांवर काम करणारं कोणीच नव्हतं. पावत्या साध्या पॅडवरच्या, जीएसटी नंबर नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: अर्जांसाठी त्यांनी माझ्या नावाने नवा जीमेल उघडला. "अर्ज खूप असतात, तुझ्या मेलमध्ये गोंधळ होईल," म्हणाले. पासवर्ड दिला नाही. मी दोनदा मागितला. दोन्ही वेळा मॅडम हसून म्हणाल्या, "ट्रस्ट द प्रोसेस, बेटा."

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. मी फोन करायचे आणि उत्तर ठरलेलं, 'अंडर रिव्ह्यू'. २० मार्चला व्हॉट्सॲपवर पीडीएफ आला. एका मोठ्या युनिव्हर्सिटीचं नाव, लोगो, माझं नाव, एमएस इन जिओसायन्सेस, फुल असिस्टंटशिप. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबांनी चाळीत चार घरी सांगितलं. संध्याकाळी फोन आला: सीट कन्फर्म करायला आणि आय-ट्वेंटीच्या, म्हणजे व्हिसासाठी लागणाऱ्या कागदाच्या, प्रोसेसिंगसाठी एक लाख वीस हजार, अठ्ठेचाळीस तासांत, नाहीतर सीट वेटिंगच्या मुलाला जाईल. खातं एका माणसाच्या वैयक्तिक नावावर होतं. २२ तारखेला बाबांनी पैसे पाठवले.

आज मला जे माहीत आहे ते तेव्हा माहीत असतं तर तो पीडीएफ मी तिथल्या तिथे ओळखला असता. आर्थिक मदतीसह प्रवेश देणाऱ्या अमेरिकेतल्या बहुतेक ग्रॅज्युएट स्कूलनी मिळून एक ठराव केलेला आहे: अशा ऑफरवर विद्यार्थ्याने १५ एप्रिलच्या आत उत्तर दिलंच पाहिजे अशी सक्ती करायची नाही. मार्चमध्ये अठ्ठेचाळीस तासांची मुदत म्हणजेच धोक्याची घंटा. आय-ट्वेंटी युनिव्हर्सिटी स्वतः देते. त्यानंतर सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, ३५० डॉलर फी असते, ती अमेरिकन सरकारच्या साइटवर आपण स्वतः भरायची. मध्ये कोणाचं सेव्हिंग खातं येत नाही.

संशय मला आला तो सहीवरून. खाली ज्या प्राध्यापकांची सही होती त्यांचं काम बघावं म्हणून मी डिपार्टमेंटच्या पानावर गेले, तर ते निवृत्त झालेले. पोटात गोळा आला. त्याच पानावर ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरचा पत्ता होता. त्या रात्री मी आयुष्यातला पहिला इंग्रजी मेल अमेरिकेला पाठवला. चार ओळी. वीस मिनिटं लागली. सकाळी उठले तर उत्तर आलेलं: या क्रमांकाचा अर्ज आमच्याकडे नाही, हे पत्र आमचं नाही, पैसे भरू नका. ज्या गोष्टीच्या भीतीपोटी अडीच लाख गेले, ती एवढीशी होती.

१० एप्रिलला आम्ही ऑफिसात गेलो. आधी "टेक्निकल इश्यू" म्हणाले. बाबांचा आवाज चढल्यावर आतल्या केबिनमधले सर बाहेर आले आणि त्यांनी दुसराच प्रस्ताव मांडला. "परदेश सोडा. आयआयटीत एमएस्सी जिऑलॉजी, इंटर्नल कोट्यातून, चार लाखांत. आधीचे पैसे त्यात वळते करू." बाबा क्षणभर गप्प झाले. गेलेला पैसा परत येतोय असं दिसलं की माणूस हलतो, मी त्यांचा चेहरा बघत होते. आयआयटीत असा कोटा नसतो. पवईच्या आयआयटीच्या अर्थ सायन्सेस डिपार्टमेंटमध्ये अप्लाइड जिऑलॉजीच्या एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते: जिऑलॉजीचा पेपर, तीन तास, साठ प्रश्न, शंभर मार्क. हे मला माहीत होतं म्हणून मी बाबांचा हात धरून त्यांना बाहेर आणलं.

चार दिवसांनी त्या ऑफिसात काम करणाऱ्या एका मुलीने मला मेसेज केला. तिने नोकरी सोडली होती. मेसेजमध्ये फक्त पासवर्ड होता आणि 'सॉरी ताई'.

मी ते अकाउंट उघडलं. आठपैकी तीनच अर्ज भरलेले. त्यातलं माझं स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे मला हे का शिकायचंय ते सांगणारं पत्र, वाचलं. लिहिलं होतं की सह्याद्रीतल्या ग्रॅनाइटच्या कड्यांनी मला लहानपणापासून भुरळ घातली. सह्याद्रीचे कडे बेसाल्टचे आहेत. दख्खनवर काम करणारा कुठलाही प्राध्यापक हे वाक्य वाचून अर्ज बाजूला ठेवेल. त्याखाली माझं नाव होतं.

मग तो मेल दिसला. नोव्हेंबरचा. एका प्राध्यापकांचा, ज्यांचे डाइकवरचे पेपर मी सरांकडून घेऊन वाचले होते. त्यांना माझा प्रोजेक्ट रिपोर्ट पाठवलेला होता, तेवढं एक काम खरं झालं होतं. त्यांनी विचारलं होतं: तुमच्या नकाशात दोन ठिकाणी डाइक एकमेकांना कापतात. कोण कोणाला कापतंय, आणि ते कशावरून ठरवलंत? पुढच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर बोलू या का?

याचं उत्तर मला येत होतं. त्या किनाऱ्यावर घोटाभर पाण्यात उभं राहून मी ते शोधलं होतं. नंतरच्या डाइकची कडा सलग जाते आणि तिथे तो लवकर थंड झाल्यामुळे बारीक दाण्यांचा असतो, आधीचा तुटतो. माझ्याकडे फोटो होते. कन्सल्टन्सीने माझ्या नावाने उत्तर पाठवलं होतं की आपल्या प्रतिष्ठित विद्यापीठात शिकण्याची माझी तीव्र इच्छा आहे, कृपया प्रवेशाचा विचार व्हावा. कॉलबद्दल एक अक्षर नाही. प्राध्यापकांचा पुन्हा मेल आला नाही. पैसे गेल्यावर मी रडले नव्हते, त्या रात्री रडले.

शिफारसपत्रांचंही तेच. ती मागणारी लिंक युनिव्हर्सिटीकडून थेट शिक्षकाच्या मेलवर जाते, पत्र शिक्षकच अपलोड करतात. यांनी सरांच्या नावाने खोटा मेल आयडी काढून पत्रं स्वतःच लिहिली होती. मला ठाऊक नव्हतं, पण अर्ज माझा आणि सही खोटी म्हणजे अडचणीत मीच येणार. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन सरांना सगळं दाखवलं. त्यांनी दोन्ही पत्रं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "आधी त्या तिन्ही ठिकाणी आपण दोघं मिळून कळवू या." कळवलं. अर्ज मागे घेतले.

तक्रारीचंही सांगते. पैसे गेल्याचं कळल्याबरोबर, त्याच मिनिटाला, सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका, म्हणजे समोरच्या खात्यातले पैसे गोठवता येण्याची आशा असते. आम्ही फोन केला तेव्हा एकोणीस दिवस उलटले होते आणि खात्यात काही उरलं नव्हतं. पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली आहे. पूर्वी ज्याला ४२० म्हणायचे ते आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ग्राहक आयोगातही गेलोय. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला तिथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. साध्या पावत्यासुद्धा आईने डब्यात जपून ठेवल्या होत्या, त्याच आता कामी येतायत. व्हॉट्सॲपचे मेसेज पुसू नका. अजून एक रुपया परत आलेला नाही. दादरच्या त्या मजल्यावर आता दुसऱ्या नावाची पाटी आहे, आतल्या खुर्च्या त्याच.

या वर्षी जॅमचा फॉर्म मी स्वतः भरला. परदेशासाठी यादी पाचच जणांची केली, प्रत्येकाचं काम वाचून. अर्जाच्या फीचं ओझं होतं, तर दोन डिपार्टमेंटना फी माफीबद्दल विचारलं, एकाने लगेच दिली. माझे मेल आठ-दहा ओळींचे असतात: मी कोण, काय मोजलं, तुमच्या कुठल्या पेपरमधलं काय पटलं, पुढच्या वर्षी विद्यार्थी घेणार आहात का. इंग्रजी साधं आहे. कोणी हसलेलं नाही.

आणि नोव्हेंबरच्या त्या मेलचं उत्तर मी मे महिन्यात दिलं. काय घडलं ते चार वाक्यांत सांगितलं, आणि मग त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, दोन फोटोंसकट, थंड झालेल्या कडेवर बाण काढून. तिसऱ्या दिवशी त्यांचं उत्तर आलं. या वर्षीची जागा भरली होती. पण त्यांनी लिहिलं होतं की दुसऱ्या फोटोतल्या बाणाबद्दल त्यांना शंका आहे, तिथला नमुना माझ्याकडे आहे का. नमुना सरांच्या लॅबमध्ये, कपाटातल्या तिसऱ्या खणात आहे. सोमवारी त्याची थिन सेक्शन, म्हणजे मायक्रोस्कोपखाली बघायची पातळ चकती, करायला टाकली आहे.