प्रगत गणित: शिफारस की आपोआप नोंदणी?

अमेरिकेतल्या एका मैत्रिणीच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेत) पालकांपुढे पेच आहे: सहावीच्या प्रगत गणितात मुलं शिक्षकांच्या शिफारशीनं घ्यायची की गुणांवरून थेट?

कोण सुटतं, हा माझ्या मते पहिला निकष. शिफारशीच्या पद्धतीत जागरूक पालक अर्ज करतात, शिक्षकांना भेटतात. ज्यांच्या घरी इंग्रजी बोललं जात नाही किंवा आईवडील दोन पाळ्यांत राबतात, ती मुलं गुण असूनही मागे राहतात. हे मला फार खुपतं. टेक्सासच्या 2023 च्या कायद्यानुसार पाचवीच्या गणितात वरच्या 40 टक्क्यांत आलेल्यांची नोंदणी आपोआप होते. नको असेल तर पालकांनी कळवायचं. आठवीत अल्जेब्रा घेण्याची वाट इथूनच सुरू होते.

खर्चात शिफारस स्वस्त. आपोआप नोंदणीला जादा वर्ग, तयारीचे शिक्षक आणि अडखळणाऱ्यांसाठी शिकवणी लागते. ती नसेल तर मुलं वर्षाच्या मध्यात गळतात.

डिस्ट्रिक्ट मोठा, मिश्र वस्तीचा असेल तर आपोआप नोंदणीच घ्यावी. शिक्षक प्रत्येक मुलाला ओळखतात अशा लहान शाळेला शिफारस चालेल. परीक्षेच्या दिवशी आजारी पडलेल्या मुलासाठी मात्र शिफारशीचं दार दोन्हीकडे उघडं हवं.