शाळकरी बायोलॉजी किट: सूक्ष्मदर्शक चांगला, पुस्तिका टाकाऊ

इंदूरच्या खजुरी बाजारात एका पुस्तकांच्या दुकानात आठवी ते दहावीच्या मुलांसाठी हे किट मिळतं. किंमत साडेचार हजारांच्या आसपास. पेटीत सूक्ष्मदर्शक, दहा तयार स्लाइड, कोऱ्या काचा, आयोडीन, सॅफ्रानिन, मिथिलीन ब्लू, ग्लिसरीन, अन्नपरीक्षणाची रसायनं आणि एक पुस्तिका. निम्म्याहून जास्त पैसे सूक्ष्मदर्शकाचेच आहेत आणि ते वाया जात नाहीत.

खोक्यावर ठळक अक्षरांत '२००० पट' लिहिलंय, तिकडे लक्ष देऊ नका. आत १० आणि १५ पटीची नेत्रिका, १० आणि ४५ पटीची वस्तुभिंगं आहेत. म्हणजे जास्तीत जास्त ६७५ पट. मोठ्या भिंगावर ०.६५ असा आकडा कोरलेला आहे, खरी कुवत तो सांगतो. अर्ध्या मायक्रोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन ठिपके हे भिंग वेगळे दाखवू शकत नाही. २००० चा आकडा एक जादा भिंग मध्ये बसवून गाठलाय. त्याने चित्र नुसतं फुगतं, नवीन काही दिसत नाही. शाळेच्या कामाला १०० आणि ४५० पट भरपूर झाली.

कांद्याचा पापुद्रा काढताना आतल्या मांसल पाकळीच्या खोलगट बाजूचा घ्या, वरचं कोरडं साल नको. पापुद्रा पाण्याच्या थेंबावर सपाट पसरा, सॅफ्रानिनचा एक थेंब टाका, मिनिटभराने जादा रंग टिपून घ्या, ग्लिसरीनचा थेंब द्या आणि कव्हरस्लिप, म्हणजे नमुन्यावर झाकायची पातळ चकती, एका कडेवर टेकवून तिरकी, हळूहळू खाली सोडा. धपकन टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात. जाड काळ्या कडेचा तो गोल मुलं हमखास केंद्रक म्हणून वहीत काढतात. दुसरी नेहमीची चूक प्रकाशाची. पापुद्रा पारदर्शक असतो, त्यामुळे स्लाइड ठेवायच्या स्टेजखालचा, प्रकाश कमी-जास्त करणारा पडदा पूर्ण उघडला की सगळं पांढरं फटक होतं. पडदा अर्ध्याहून जास्त मिटा, पेशीभित्तिका लगेच उठून दिसतील. आरसा खिडकीकडे करा, उन्हाकडे अजिबात नाही.

इथे किटची एक खोट सांगायलाच हवी: कव्हरस्लिप प्लॅस्टिकच्या आहेत. शंभर पटीला चालून जातात, पण ४५ च्या भिंगाखाली चित्र धुरकट येतं, कारण ते भिंग सुमारे ०.१७ मिलिमीटर जाडीच्या काचेसाठी घडवलेलं असतं. काचेच्या १८ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपची डबी वेगळी घ्या, महाग नसते. आणि स्लाइड धुवायला बोअरिंगचं पाणी नको. वाळल्यावर क्षाराचे जे स्फटिक राहतात, तेच मग 'जंतू' ठरतात.

तयार स्लाइडमध्ये बेडकाचं रक्त आणि माणसाचं रक्त ही जोडी सर्वांत उपयोगी. बेडकाच्या तांबड्या पेशी लांबट गोल, मध्ये ठसठशीत केंद्रक. आपल्या पेशी सात-आठ मायक्रोमीटरच्या, गोल आणि बिनकेंद्रकाच्या. कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइडही स्वच्छ रंगवलेली आहे, पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखता येतात. बाकीच्या आठवणीत राहण्यासारख्या नाहीत.

पुस्तिकेने मात्र घोळ घातलाय. कांद्याच्या पेशीत हिरवी हरितलवकं काढली आहेत. जमिनीखालच्या पांढऱ्या पाकळीत ती कुठून येणार? तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) 'तुम्हाला अशा दिसतील' असं छापलंय. आतल्या घड्यांसकट त्या दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. आणि रॉबर्ट हुकने १६६५ मध्ये 'जिवंत पेशी' पाहिली म्हणे! त्याने पाहिल्या त्या बुचाच्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती. हरितलवकं बघायचीच तर मत्स्यालयाच्या दुकानातून हायड्रिलाची एक काडी आणा. पान जेमतेम दोन पेशींच्या जाडीचं असतं, रंगवावंही लागत नाही, आणि थोडा वेळ उजेडात ठेवलं तर हिरवे दाणे पेशीच्या कडेने सरकताना दिसतात.

अन्नपरीक्षणाचा भाग घरच्या पदार्थांवर करून बघावा, पुस्तिकेतल्या कोष्टकावर नाही. पोह्यांवर आयोडीनचा थेंब टाकला की निळा-काळा रंग येतो, पण पोहे गार हवेत. वाफाळत्या पोह्यांवर रंग नीट धरत नाही. आयोडीन चहाच्या फिक्या पाण्याइतकंच ठेवा. बटाट्याचा खरवड स्लाइडवर घेऊन बघाल तर स्टार्चचे कण निळसर दिसतात. दाट आयोडीनने नुसते काळे ठिपके होतात. कांद्यावर मात्र निळं काही येत नाही, कारण कांदा स्टार्च साठवत नाही. उलट कांद्याचा रस बेनेडिक्टला, म्हणजे ग्लुकोजसारखी साखर ओळखणाऱ्या निळ्या रसायनाला, उत्तर देतो.

बेनेडिक्टची बाटली बरी आहे. २ मिली रसायन, तेवढाच नमुना, आणि पातेल्यातल्या उकळत्या पाण्यात ५ मिनिटं. नळी थेट आचेवर धरू नका, किटमधली काच साधी आहे, तडकते. निळ्याचा हिरवा, पिवळा, शेवटी विटकरी. पुस्तिकेत 'साखर घ्या' एवढंच आहे, आणि घरची साखर घेतली तर रंग निळाच राहतो, कारण ती साखर, म्हणजे सुक्रोज, बेनेडिक्टचा रंग बदलवत नाही. द्राक्षाचा रस किंवा ग्लुकोज घ्या. जिलबीच्या पाकात लिंबू पिळलेलं असेल तर थोडी साखर फुटलेली असते, तिथे रंग येऊ शकतो.

प्रथिनांच्या परीक्षेत इंदुरी घरात एक खास अडचण आहे: हळद. या परीक्षेतल्या कॉस्टिक सोड्याने हळद लालसर तपकिरी होते आणि प्रथिनं असल्याचा जांभळा रंग त्यात बुडून जातो. म्हणून वरण किंवा पिवळी शेव नको. साधं बेसन पाण्यात कालवून गाळून घ्या, किंवा अंड्याचा पांढरा बलक पाण्यात पातळ करून. आधी कॉस्टिक, मग मोरचूदाचे दोन-तीनच थेंब. जास्त टाकलं तर मोरचूदाचाच निळा रंग जांभळ्याला झाकतो. कॉस्टिकला चष्मा आणि मोठ्या माणसाची सोबत हवीच. शेवेचं तेल तपासायला रसायन लागतच नाही: कागदावर चुरा, दाबा, तासाभराने उजेडासमोर धरा. पाण्याचा डाग तोवर वाळलेला असतो, तेलाचा राहतो.

दुकानात पेटी उघडूनच घ्या. फोकसचं मोठं चक्र फिरवून हात सोडा, स्टेज किंवा नळी आपोआप खाली घसरत असेल तर दुसरा नग मागा. मग बेडकाच्या रक्ताची स्लाइड १० च्या भिंगावर स्पष्ट करून भिंग ४५ वर फिरवा. पेशी मधोमध राहिल्या आणि बारीक चक्राच्या अर्ध्या-पाऊण वळणात स्पष्ट झाल्या तर जुळणी ठीक. चित्र बाजूला पळालं तर ते घरी दुरुस्त होत नाही.