उघडा कोन की बंद डबा? खान्देशच्या उन्हात ऑक्टाव्हिया आरएसचा इनटेक

रिमॅपचं (इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याचं) ठरलंय, पैसे बाजूला काढलेत आणि आता फक्त इनटेक, म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर आणि पाइप, कुठला बसवायचा इथे गाडी अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. माझी ऑक्टाव्हिया आरएस २०१७ च्या बॅचची, २३० पीएस ताकदवाली, सेकंडहँड घेतलेली. तिच्यात दीड वर्ष उघडा कोन फिल्टर, म्हणजे बोनेटखाली झाकणाशिवाय बसणारा शंकूसारखा फिल्टर, होता. आता बाहेरून घेतलेला बंद डब्याचा इनटेक आहे. दोन्ही स्वतःच्या पैशाने घेतले, दोन्ही जळगावातच बसवले आणि दोन्हींवर बारा महिने तिन्ही ऋतू गाडी चालवली. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) मात्र एकदाही चढवली नाही, त्यामुळे पुढे जे आहे ते हाताने आणि कानाने जोखलेलं आहे.

गाडीसोबत येणाऱ्या कंपनीच्या फिल्टरच्या डब्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. तो समोरच्या जाळीतून थंड हवा घेतो, पाण्यापासून जपतो आणि कंपनीच्या ट्यूनला लागेल तेवढी हवा आरामात देतो. फक्त तो सायलेन्सरचंही काम करतो. त्याचं पोट आणि नळीचे आकार टर्बोचा (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याचा) आवाज गिळण्यासाठीच केलेले असतात. म्हणून रिमॅप नसेल तर इनटेक बदलून ताकद फारशी वाढत नाही, आवाज मात्र मोकळा होतो. त्याच डब्यात कापडी जाळीचा धुण्यासारखा फिल्टर टाकायचा तिसरा मार्गही आहे. स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, पण कानाला फरक कळत नाही. मला तरी कळला नाही.

आता उघडा कोन. आवाजाच्या बाबतीत त्याला तोड नाही, हे मी आजही म्हणेन. डिसेंबरात पहाटे चाळीसगाव सोडून कन्नडचा घाट चढायला लागलो, काचा खाली, दुसऱ्या गिअरला वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की टर्बो हवा ओढतो ती लांबलचक ‘सूंऽऽ’ आणि पाय काढताच टर्बोचा जादा दाब सोडणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा ‘फुस्स’. तो आवाज डोंगराच्या कड्यावर आपटून परत कानात येतो. त्या आवाजासाठीच मी कोन घेतला होता आणि त्या पहाटेपुरते पैसे वसूल झाले होते. बसवायलाही सोपा. दोन क्लॅम्प, एक पाइप, तासाभराचं काम.

आणि मग मे महिना आला.

आमच्याकडे मे म्हणजे काय ते भुसावळ-जळगावकरांना सांगायला नको. पारा ४५ च्या आसपास, डांबर मऊ पडलेलं. दुपारी दीडला भुसावळहून येत होतो. हायवेवर गाडी झकास. अजिंठा चौफुलीला केळीच्या ट्रकांमागे अडकलो. एसी चालू, इंजिन आयडलवर, दहा मिनिटं जागच्या जागी. वाट मोकळी झाली, पाय दाबला आणि गाडीने ऐकलंच नाही. म्हणजे गेली, पण उसासा टाकून गेली. पुढे इच्छादेवी, आकाशवाणी चौक, पुन्हा थांबा, पुन्हा तेच. बांभोरीचा पूल ओलांडून जरा वेग धरला तेव्हा कुठे तिचा नेहमीचा पिकअप परत आला.

घरी येऊन बोनेट उघडलं. कोनच्या गळ्यातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपला हात लावला तो चटका बसून मागेच आला. शेजारचे फिटर डोकावले आणि दोन वाक्यांत निकाल देऊन मोकळे झाले: “भाऊ, गाडी गरम हवा पिई राहयनी. तिले थंडी दे ना.”

मुद्दा तेवढाच आहे. गाडी उभी असली की रेडिएटरचा पंखा तापलेली हवा मागे इंजिनावर फेकतो. या इंजिनाचा टर्बो मागच्या बाजूला, तोही तापलेला. आणि कोन नेमकी तिथलीच हवा ओढतो. हवा ४५ अंशांवरून ६५ वर गेली की तिची घनता साधारण ६ टक्क्यांनी घटते. टर्बो ती तूट भरून काढायला बघतो, पण जास्त राबून, जास्त तापून. वर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळण्यासाठी इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, त्यामुळे ताकद कमी होते. धावत्या गाडीत समोरून वारा आला की सगळं सुरळीत. पण माझं रोजचं धावणं चौफुली ते चौफुली आहे, घाट महिन्यातून एकदा.

कोन आणि इंजिन यांच्यामध्ये पत्र्याची आडभिंत करून पाहिली. जळगावातच कापून घेतली, कडेला रबर लावलं. थोडा फरक पडला, पण ऐन दुपारी तेच रडगाणं. ज्या गाडीवर एवढा जीव आहे तिने भर रस्त्यात असं दमून जाणं मला बघवेना. बाकी काही नसतं, तरी या एका गोष्टीसाठी मी कोन काढला असता.

बंद डब्यात फिल्टर तसाच मोठा, पाइपही रुंद, पण भोवती झाकण आणि तोंड समोरच्या जाळीकडे. पहिल्या मे महिन्यात त्याच चौफुलीला, तशाच गर्दीत अडकल्यावर मुद्दाम गाडी बाजूला घेऊन बोनेट उघडलं. डबा गरम होता, पण त्यावर तळवा टेकवून उभं राहता येत होतं. सुटताना गाडी अगदी पहाटेसारखी सुटली असं म्हणणार नाही, ४५ अंशांत कुठलीच सुटत नाही. पण तो उसासा गेला.

आवाज मात्र थोडा दबला, हे मान्य करायला हवं. ‘सूं’ आहे, जरा घुमटातून आल्यासारखी. ‘फुस्स’ निम्म्यावर आलं. काचा वर असतील तर शेजारी बसलेल्याला कळणारही नाही. किंमत कोनच्या कितीतरी पट. आणि फिल्टर बघायचा तर दर वेळी स्क्रू काढा, झाकण उचला, रबर नीट बसलंय का पाहा.

पण फिल्टर बघायची वेळही कमी येते. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे निघालेल्या गाड्यांमागे पारोळा-एरंडोल केलं की कोनच्या तेल लावलेल्या घड्यांत कापसाचा उडालेला तंतू आणि काळ्या मातीची धूळ मिळून नमदा व्हायचा. महिन्याला धुणं, सावलीत वाळवणं, पुन्हा तेल. तेल जास्त झालं तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्यांना तो त्रास वेगळाच. डब्यात तंतू तोंडाशीच अडतो.

बंपरमध्ये खाली उतरणारे लांब पाइपही मिळतात. नाल्याच्या फरशीवरून पाणी वाहतं अशा रस्त्यांवर पावसाळ्यात जाणं असेल, तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. एकदा पाणी सिलिंडरमध्ये गेलं की इंजिनाचं काम निघतं. वॉरंटी बाकी असेल, तर कुठलाही बदल करण्याआधी कागद वाचून घ्या.

तुम्ही गाडी फक्त रविवारी पहाटे काढत असाल, थंडीतच घाट करत असाल, तर कोन घ्या, मी अडवणार नाही. तो आवाज दुसरं कुणी देत नाही. रोज दुपारी गावातून जाणं असेल तर मला वाटतं डब्यासाठी थोडं थांबून पैसे जमवणं परवडेल. ठरत नसेल तर ओळखीतल्या कुणाची कोनवाली गाडी मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, दहा मिनिटं सिग्नलला उभी राहिल्यानंतर स्वतः चालवून पाहा. माझा जुना कोन धुऊन, तेल लावून कपाटात ठेवलाय. जळगावात कुणाला आधी लावून बघायचा असेल तर देईन.