मेंदूच्या गाठीचं लेकरू मुंबईला न्यायचं, तर राहायचं कुठे? सेंट ज्यूडच्या मोफत निवासाविषयी

गडचिरोली, यवतमाळ, बुलढाण्याकडच्या ज्या घराला नुकतंच कळलं आहे की लेकराच्या डोक्यात गाठ आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत. मत आधीच सांगतो: मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार ठरले, तर सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सची खोली पहिल्याच दिवशी मागा. पैशाच्या मदतीचे अर्ज त्यानंतर करा.

नावावरून गोंधळ नको. अमेरिकेतलं त्याच नावाचं रुग्णालय वेगळं. इथे उपचार होत नाहीत, उपचार चालू असेपर्यंत राहायची सोय होते. मुंबईत २००६ साली हे काम सुरू झालं.

खोलीला एवढं महत्त्व का, ते उपचाराचे दिवस मोजले की कळतं. लहान मुलांत सगळ्यात जास्त दिसणारी मेंदूची घातक, म्हणजे कॅन्सरची गाठ म्हणजे मेड्युलोब्लास्टोमा. ती डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूत होते. म्हणून सकाळी उठल्या उठल्या उलटी, डोकेदुखी आणि चालताना झोक जाणं. (हे पित्त समजून, जंत समजून महिना निघून जातो. सकाळची उलटी आणि तोल जाणं एकत्र दिसलं, तर एमआरआयचं विचाराच.) आधी शस्त्रक्रिया. ती झाल्यावर साधारण चार ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू व्हावं लागतं: आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीसेक वेळा, म्हणजे सहा आठवडे. मग कित्येक महिने केमो, म्हणजे कॅन्सरची औषधं. तीन वर्षांखालच्या बाळाला डॉक्टर शक्यतो रेडिएशन टाळतात, त्यांचा मार्ग वेगळा. रेडिएशन एकदा सुरू झालं की मधे खाडा चालत नाही. गाठीच्या उरलेल्या पेशींना वाढायला फुरसत मिळते. आणि नेमका खाडा पडतो तो लॉजचे पैसे संपले, पेरणी आली, कापूस वेचायला आला म्हणून.

सेंट ज्यूडमध्ये भाडं नाही. प्रत्येक कुटुंबाला स्वतःची जागा मिळते, स्वयंपाकघर सामाईक असलं तरी आपला स्वयंपाक आपणच करायचा, त्यासाठी शिधा मिळतो. आम्हाला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. केमोत तोंडाची चव जाते, हॉटेलचं तेलकट पोर खात नाही. आईच्या हातचं तुरीचं वरण आणि मऊ भात दोन घास तरी पोटात जातो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्ची कोशिंबीर, कापून ठेवलेली फळं, गाड्यावरचं खाणं बंद. ताजं शिजवलेलं अन्न, उकळलेलं पाणी, सोलून खायचं केळं चालतं. हे पथ्य लॉजच्या खोलीत पाळता येत नाही. रुग्णालयात ये-जा करायची सोय, मुलांचा अभ्यास आणि आईबापांशी बोलणारे समुपदेशकही आहेत. स्वच्छतेचे नियम कडक आहेत, ते जाच समजू नका.

आता अडचणी. थेट दारात जाऊन जागा मिळत नाही. रुग्णालयातल्या सोशल वर्करने नाव पाठवावं लागतं, आणि सोय बाहेरगावच्या, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांसाठी आहे. जागा मोजक्याच, त्यामुळे मिळेपर्यंतच्या रात्रींचा बंदोबस्त हातात ठेवा. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ही दोन ठिकाणं त्यासाठी आधीच विचारून ठेवावीत. धाकटं भावंड सोबत न्यायचं असेल तर परवानगी आहे का, तेही निघण्याआधीच विचारा.

कागद असे लावा: लेकराचं आधार, जन्मदाखला, रेशन कार्ड, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. सगळ्यात जास्त घोळ रेशन कार्डावर होतो. मोठ्या मुलांची नावं असतात, धाकट्याचं चढवलेलंच नसतं. किंवा आधारवर एक स्पेलिंग, कार्डावर दुसरं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही हेच आडवं येतं. मुंबईहून ते दुरुस्त करणं फार कठीण, म्हणून एक नातेवाईक लगेच तहसीलच्या पुरवठा विभागात पाठवा.

नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला ऑपरेशन झालं असेल तर फक्त रिपोर्ट घेऊन निघू नका. ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, एमआरआयची सीडी, आणि पॅथॉलॉजी विभागातून स्लाइड्स व ‘ब्लॉक’ मागा. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. नव्या रुग्णालयाला गाठ पुन्हा तपासायची असते. ब्लॉक नसला की तो आणायला माणूस परत धाडावा लागतो आणि त्या चार-सहा आठवड्यांतले दिवस वाया जातात. उन्हाळ्यात तो बंद गाडीत ठेवू नका, जवळच्या पिशवीत ठेवा.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीत तिकीट पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. डॉक्टरांनी सही केलेला ठरावीक नमुन्यातला फॉर्म हवा. गडचिरोलीकडच्यांनी आधी नागपूर गाठावं. तिथून विदर्भ किंवा सेवाग्राम एक्सप्रेस.

एक मात्र स्पष्ट सांगतो. नागपुरातही रेडिएशन होतं. तुमचे डॉक्टर तिथेच उपचार घ्या म्हणत असतील, तर मुंबईचा हट्ट धरू नका.

केमोच्या मधल्या दिवसांत गावी आलात, तर घरात थर्मामीटर हवा. १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप म्हणजे त्याच तासाला रुग्णालय, रात्र असली तरी. आधी गोळी देऊन वाट पाहू नका. डोक्यातलं पाणी उतरवायला शंटची नळी बसवलेली असेल आणि पुन्हा उलट्या, डोकेदुखी, सुस्ती सुरू झाली, तर नळी तुंबली असं समजून मेंदूचे सर्जन असलेलं रुग्णालय गाठा. सूज उतरवणारी डेक्सामेथासोनची गोळी मनाने एकदम बंद करू नका, ती डॉक्टर हळूहळू कमी करतात. ऑपरेशननंतर लेकरू बोलेनासं झालं तर घाबरून अंगारे-धुपाऱ्याकडे वळू नका. लहान मेंदूच्या ऑपरेशननंतर काही मुलांत असं होतं. वाचा बहुतेकांची काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परतते, पण तोवर स्पीच थेरपी आणि फिजिओथेरपी चालू ठेवावी लागते.