ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा नवा फ्लॅट: एका पावसाळ्यानंतरचा रिव्ह्यू

घराबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. भिंती सरळ, हवा भरपूर, किचनच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. डोंगर दिसतो म्हणून चौरस फुटामागे जास्तीचे पैसेही मोजलेत आम्ही. त्या डोंगरावरचं पाणी खाडीकडे कुठून जातं, हे मात्र बुकिंगच्या वेळी विचारायचं सुचलं नाही.

जुलैत कळलं. आमच्या बेसमेंटमधून जातं.

रात्रभर पाऊस आणि पहाटे भरती. साडेपाचला वॉचमनचा इंटरकॉम आला, "मॅडम, गाडी काढा." खाली गेले तर पाणी गुडघ्याला लागत होतं आणि शेजारच्या काकांची स्कूटर आडवी पडून अर्धी बुडाली होती.

आतलं काम वाईट आहे असं नाही. कंपाउंडच्या कडेने आरसीसीचं गटार, जाळ्या नीट बसलेल्या, उतारही बरा. मेन्टेनन्सवाल्यांनी दोन दिवस गाळ उपसला. गाळ फारसा नव्हताच. शेवटी एका गवंड्याने लेव्हलची नळी लावून बघितली, तेव्हा गोची सापडली. आमच्या शेवटच्या चेंबरमधून बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ रस्त्याच्या गटाराच्या तळापेक्षा नऊ इंच खाली! रस्ता काँक्रीटचा झाला, त्याबरोबर गटार वर आलं, आमचा पाइप होता तिथेच राहिला. बाहेरचं गटार भरलं की पाणी उलटं आत.

तक्रार केल्यावर बिल्डरने ऑगस्टमध्ये तिथे झडप बसवली. बाहेरचं पाणी चढलं की मिटते. ठीक, पण तेवढ्या वेळात आतल्या पाण्याने जायचं कुठे? माझं माहेर वाशीचं. तिथला होल्डिंग पाँड लहानपणापासून बघितलाय: भरतीला खाडीकडची झडप मिटते, वस्तीतलं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला निघून जातं. आमच्याकडे झडप आली, तलाव यायचा राहिला.

हिशेब टँकरमध्ये केला, कारण घोडबंदरला आम्हाला तेच माप कळतं. प्लॉट चार एकर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरला (मुंबईत नव्या पर्जन्यवाहिन्या तेवढं धरून करतात, जुन्या २५ धरून केलेल्या होत्या) तर एका तासात आठ लाख लिटर. म्हणजे दहा हजारी टँकर ऐंशी. आणि इथे मुरायला माती कुठे आहे? पोडियम, पेव्हर ब्लॉक, डांबर. बाग आहे, ती स्लॅबवर. मे महिन्यात आम्ही टँकर विकत घेतो, हे जाता जाता.

पावसाचं पाणी जिरवायचे नकाशावर चार खड्डे आहेत. शोधून दोन सापडले, त्यातल्या एकात फरशीचे तुकडे. बेसमेंटला दोन पंप आहेत, पण तेव्हा जनरेटरवर नव्हते. लिफ्ट जनरेटरवर, क्लबहाउसचे दिवे जनरेटरवर, आणि लाइट गेली की पंप बंद. रॅम्पच्या तोंडाशी उंचवटा नाही, आडवी जाळी आहे ती वीतभर रुंद.

साइट ऑफिसमधली माणसं बोलायला गोड, फोन उचलतात, त्याचे मार्क देते. पण "यंदा पाऊसच जास्त झाला" हे उत्तर तिसऱ्यांदा ऐकल्यावर आम्ही लेखी पत्र दिलं. रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत कामातला किंवा सेवेतला दोष दाखवला, तर बिल्डरने तीस दिवसांत स्वतःच्या खर्चाने तो दुरुस्त करायचा असतो. पत्रानंतर पंप जनरेटरला जोडून मिळाले. झडप मिटल्यावर आतलं पाणी थांबवायला साठवण टाकी हवी, तिचं "बघतो" म्हणालेत.

पाचपैकी अडीच. घर बघायला येणार असाल तर जुलैत या, भरतीची वेळ बघून, आणि लिफ्टने आधी खाली जा. बी विंगच्या खांबावर वॉचमनने पाणी चढलं तिथे निळ्या ऑइलपेंटची रेघ मारून ठेवलीय. दिवाळीआधी पार्किंग रंगवायला माणसं आली होती, त्यांना तेवढा खांब सोडायला सांगितला.