आर्काइव्ह टीमचा वॉरियर: बसवायला सोपा, पण लाइन स्वच्छ हवी

एखादं मोठं संकेतस्थळ बंद होणार अशी सूचना लागली की ते जतन करणाऱ्यांना जागेपेक्षा वेळ कमी पडतो. लाखो पानं एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) ओढायला घेतली तर समोरचा सर्व्हर थोड्याच वेळात दार लावून घेतो, आणि दमाने घेतली तर मुदत उलटून जाते. या कोंडीवर आर्काइव्ह टीमने काढलेला तोडगा म्हणजे वॉरियर: तुमच्या संगणकावर चालणारं, फुकट मिळणारं एक आभासी यंत्र, म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. ते बंद पडणाऱ्या संकेतस्थळाचा आपल्या वाट्याचा तुकडा उतरवून घेतं आणि पुढे पाठवून देतं. आर्काइव्ह टीम ही जेसन स्कॉट यांनी २००९ मध्ये सुरू केलेली स्वयंसेवकांची सैल टोळी आहे. जुनी संकेतस्थळं साठवणारी इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था वेगळी, मात्र वॉरियरने गोळा केलेला बहुतेक माल शेवटी तिच्याच कोठारात जातो आणि वेबॅक मशीनमध्ये (जुनी पानं बघण्याच्या तिच्या सेवेत) दिसतो. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं, त्याआधी त्यातला एक पेटाबाइटहून जास्त मजकूर याच पद्धतीने वाचवला गेला.

बसवणं खरोखर सोपं आहे. व्हर्च्युअलबॉक्स (आभासी यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, वॉरियरची ओव्हीए फाइल (तयार यंत्राचा गठ्ठा) उतरवा, ‘इम्पोर्ट’ करा आणि यंत्र चालू करा. काळ्या पडद्यावर काही ओळी सरकतात, मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्टच्या (म्हणजे तुमच्याच संगणकाच्या) ८००१ क्रमांकाच्या पोर्टवर त्याचं पान उघडतं. पुढचं सगळं काम त्या पानावरूनच होतं. डॉकर हाताळता येत असेल तर डॉकरची आवृत्ती घ्यावी, ती मेमरी कमी खाते आणि लवकर चालू होते. डिस्कवर साठेक जीबी मोकळी ठेवावी. एरवी इतकी लागत नाही, पण पुढे पाठवणं तुंबलं की उतरवलेला माल साचत जातो. सगळी बांधणी एक्स८६ (इंटेल-एएमडी धाटणीच्या) प्रोसेसरसाठी आहे, त्यामुळे कपाटातला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक कामाला लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

सेटिंगमध्ये ठरवण्यासारख्या गोष्टी तीनच. टोपणनाव सार्वजनिक फलकावर झळकतं, तेव्हा तिथे ईमेल किंवा खरं नाव टाकू नये. एका वेळी किती कामं घ्यायची याचा आकडा मुळात २ असतो आणि ६ पर्यंत वाढवता येतो. घरच्या लाइनवर २ किंवा ३ पुरे, कारण ६ केल्याने काम तिप्पट होत नाही, आयपी अडवला जाण्याची शक्यता मात्र वाढते. तिसरी गोष्ट प्रकल्पाची निवड. ‘आर्काइव्हटीम्स चॉइस’ निवडून ठेवलं की टीमने त्या घडीला जो प्रकल्प पुढे काढला आहे तिकडे तुमचं यंत्र आपोआप वळतं. डेटाची चिंता असेल तर मात्र प्रकल्प हाताने निवडावा. छोट्या लिंकांच्या प्रकल्पात (२०२५ मध्ये गूगलच्या ‘गू डॉट जीएल’साठी असा एक चालला) विनंत्या पुष्कळ आणि डेटा किरकोळ असतो. व्हिडिओ किंवा फोटोंच्या प्रकल्पात नेमकं उलटं.

आतलं काम असं चालतं. ‘ट्रॅकर’ नावाचा मध्यवर्ती सर्व्हर तुम्हाला एक ‘आयटम’ देतो: एखाद्याचं खातं, एखादा अल्बम किंवा पत्त्यांचा एक गठ्ठा. वॉरियरमधला सुधारलेला डब्ल्यूगेट (पानं उतरवणारा प्रोग्रॅम), त्या संकेतस्थळासाठी मुद्दाम लिहिलेल्या लुआ भाषेतल्या स्क्रिप्टच्या मदतीने, तो आयटम उतरवतो आणि वॉर्क (वेबपानं जतन करण्याच्या प्रकारच्या) फाइलमध्ये भरतो. वॉर्कमध्ये पानाच्या मजकुराबरोबर सर्व्हरने पाठवलेलं उत्तर हेडरसकट (सोबतच्या तांत्रिक नोंदींसकट) जसंच्या तसं राहतं, म्हणून पुढे ते पान मुळासारखं दाखवता येतं. फाइल ‘टार्गेट’ सर्व्हरवर चढली की तुमच्याकडची प्रत पुसली जाते. महिनाभर यंत्र चालवूनही तुमच्या हाती काहीच उरत नाही, हे कित्येकांना उशिरा कळतं. स्वतःचा संग्रह करायला हे साधन नाही.

पडद्यावरच्या संदेशांचा अर्थ नीट कुठे समजावलेला नाही आणि नवखे लोक इथेच यंत्र बंद करून मोकळे होतात. ‘ट्रॅकर रेट लिमिटिंग इज अ‍ॅक्टिव्ह’ ही चूक नव्हे. समोरचा सर्व्हर कोलमडू नये म्हणून ट्रॅकरने मुद्दाम लावलेला तो लगाम आहे, यंत्र थोडं थांबून पुन्हा विचारतं. ‘नो आयटम रिसीव्हड’ म्हणजे या घडीला वाटायला काम नाही. फाइल चढवताना ‘मॅक्स कनेक्शन्स’ असं दिसलं आणि पुढे कंसात उणे १ असेल, तर टार्गेटची डिस्क भरत आली आहे. ती रिकामी होईपर्यंत थांबायचं, सेटिंगशी खेळत बसायचं नाही. ‘प्रोजेक्ट कोड इज आउट ऑफ डेट’ आला तर स्क्रिप्टची नवी आवृत्ती निघाली आहे. वॉरियर एकदा बंद-चालू केला की ती येते. मनावर घ्यायचे संदेश दोनच: सलग ४०३ (मनाई) किंवा ४२९ (फार विनंत्या). तेव्हा तुमचा आयपी बहुधा अडवला गेलेला असतो. एका वेळच्या कामांचा आकडा १ वर आणा, तरीही तेच आलं तर काही तास प्रकल्प बदला.

आता लाइनचं. आर्काइव्ह टीम ‘स्वच्छ’ कनेक्शन मागते: व्हीपीएन नको, टॉर नको, प्रॉक्सी नको (तिन्ही खरा आयपी लपवतात), मजकूर गाळणारी फायरवॉल नको, चुकीच्या पत्त्यावर जाहिरातीचं पान दाखवणारा डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी शोधून देणारी सेवा) नको. भारतातल्या घरगुती लाइनवर ही अट वाटते तितकी सोपी नाही. दूरसंचार विभागाच्या आदेशाने अडवलेला पत्ता उघडायला गेलं की बरेच पुरवठादार स्वतःचं सूचनापान पुढे करतात. ब्राउझरमध्ये माणसाला ते लगेच ओळखू येतं, यंत्राला येईलच असं नाही. मग मूळ पानाच्या पत्त्याखाली, त्या दिवसाच्या तारखेने, आपल्या पुरवठादाराची सूचना कायमची जतन होते, आणि मूळ संकेतस्थळ तोवर बंद झालं असेल तर ती चूक सुधारायला काही उरत नाही. कामच झालं नाही तर तो आयटम दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. काम खोटं झालं तर ते झालं असंच धरलं जातं. त्यामुळे वॉरियर चालू करण्याआधी दोन गोष्टी तपासा. अस्तित्वात नसलेला एखादा अगडबंब पत्ता ब्राउझरमध्ये टाका: ‘सर्व्हर सापडला नाही’ असं आलं तर ठीक, शोधपान किंवा जाहिरात आली तर राउटरमधला डीएनएस बदला. दुसरं म्हणजे ज्या संकेतस्थळाचा प्रकल्प आहे ते स्वतः उघडून बघा. कॉलेजचं, कचेरीचं किंवा हॉटेलचं वायफाय या कामाला वापरूच नका.

सीजीनॅट ही आणखी एक आपल्याकडची गोष्ट. पुष्कळ पुरवठादार शेकडो घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी देतात. वॉरियर त्यावर चालतो, पण तुमच्या उद्योगामुळे आयपी अडवला गेला तर शेजाऱ्यांनाही ते संकेतस्थळ उघडत नाही, आणि आधीच दुसऱ्या कोणामुळे अडवलेला असेल तर तुम्हाला कारण सापडत नाही. शिवाय ‘अनलिमिटेड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच फायबर योजनांना महिन्याला साधारण ३.३ टीबीची मर्यादा असते. वॉरियरचा डेटा दोनदा मोजला जातो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तर विचारही करू नये.

बंद करताना पानावरचं ‘शट डाउन’ बटण दाबून हातातला आयटम संपू द्यावा. वीज गेली किंवा यंत्र तडकाफडकी बंद केलं तर अर्धवट आयटम वाया जातो. ट्रॅकर तो कालांतराने दुसऱ्याला देतो, पण मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत तेवढी सवड नसते. राउटर आणि संगणक दोन्ही इन्व्हर्टरवर असतील तर उत्तम.

एक उणीव सुधारण्यासारखी नाही: तुमच्या आयपीवरून काय उतरतंय यावर तुमचा ताबा नसतो. यंत्र तुमच्या बाकीच्या फाइलींपासून वेगळं चालतं, तेवढ्यापुरतं ते सुरक्षित आहे. पण लोकांनी चढवलेल्या मजकुराच्या प्रकल्पात कोणतंही पान वाट्याला येऊ शकतं. हे पटत नसेल तर प्रकल्प हातानेच निवडावा.

आणि ज्यांना एखाद्या गावच्या वाचनालयाचं, बंद पडलेल्या दिवाळी अंकाचं संकेतस्थळ वाचवायचं आहे, त्यांनी वॉरियरच्या वाटेला जाऊ नये. त्यासाठी आर्काइव्ह टीमचाच आर्काइव्हबॉट आहे. हॅकइंट या आयआरसी (मजकुरातून गप्पा मारण्याच्या) जाळ्यावरच्या त्यांच्या वाहिनीत जाऊन पत्ता आणि मुदत इंग्रजीत सांगायची, हुकूम द्यायचा अधिकार असलेलं कोणीतरी काम लावून देतं. स्वतः डब्ल्यूगेटने वॉर्क बनवून इंटरनेट आर्काइव्हवर चढवता येते, पण अशी फाइल वेबॅक मशीनमध्ये दिसत नाही, नुसती उतरवून घेता येते. एचटीट्रॅक (संकेतस्थळाची नक्कल उतरवणारा प्रोग्रॅम) तर वॉर्क बनवतच नाही आणि लिंकाही बदलतो. पाच-पन्नास पानंच असतील तर वेबॅक मशीनचं ‘सेव्ह पेज नाऊ’ पुरे.

युनिकोड ही अक्षरांची सामाईक पद्धत रुळण्याआधीची मराठी पानं असतील तर एक काळजी जास्तीची. त्या काळची कित्येक संकेतस्थळं स्वतःच्या फॉन्टवर चालत आणि पानाबरोबर तो फॉन्ट ईओटी किंवा पीएफआर फाइल म्हणून येई. ही फाइल जतन झाली नाही तर मजकूर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. आजचे ब्राउझर हे दोन्ही प्रकार उघडत नाहीत, तरी फाइल हाती असली की अक्षरांचा तक्ता बांधून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. म्हणून काम संपलं की पानाचा सोर्स उघडायचा, त्यात फॉन्टच्या फाइलचा पत्ता शोधायचा आणि तो वेबॅक मशीनमध्ये टाकून बघायचा. नसेल, तर मूळ सर्व्हर चालू आहे तोवर तेवढी एक फाइल वेगळी जतन करून घ्यायची.